बिनतासाचा विषय

रघुपतीराव रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रकाच्या शाखेत होते. कुठली गाडी कुठल्या स्टेशनात कुणासाठी थांबून राहील, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी खर्ची पडली होती, आणि जगात जे काही बिघडतं ते वेळापत्रक चुकल्यामुळेच बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं. थोरल्या मुलाने बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी कॉलेजवर विसंबून न राहता तिन्ही वर्षांचा अभ्यास स्वतः आखला. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, तो तक्ता भिंतीला लावलेला असे. गाड्या आखायला वापरतात तसला लांबलचक चौकटींचा कागद, आणि त्यावर रंगीत पेन्सिलींच्या तिरप्या रेघा. तांबडी रेघ मेकॅनिक्सची, निळी गणिताची. हिरवी केमिस्ट्रीची; ती नाइलाजाने काढलेली दिसे, कारण विद्यापीठ केमिस्ट्री सोडू देत नव्हतं.

तक्ता चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या कॉलेजात कॅलक्युलस शिकवायला नाताळ उजाडत असे आणि त्याची गरज मेकॅनिक्सच्या तासाला जुलैतच लागे. मधले पाच-सहा महिने पोरं सूत्रं पाठ करून ढकलत. रघुपतीरावांनी एकेका प्राध्यापकाला कॉफी पाजून विचारून घेतलं होतं, की साहेब, कशाच्या आधी काय यायला पाहिजे? प्राध्यापकांनी खरं ते सांगितलं आणि टाइमटेबल आपल्या हातात नाही, असंही सांगितलं. मग रघुपतीरावांनी कॅलक्युलस उन्हाळ्याच्या सुटीत घातला. दुसऱ्या वर्षीच्या विजेसाठी जे गणित लागतं ते पहिल्या वर्षी दसऱ्यातच उरकायचं, असं ठरलं.

आता वेळ काही आभाळातून पडत नाही. तो कुठून तरी कापावा लागतो. क्रिकेट कापलं गेलं, हिरव्या रेघेतून थोडं घेतलं, इंग्रजीला हात लावता आला नाही. राहिली दुसरी भाषा. विद्यापीठाच्या यादीत कानडी, संस्कृत, हिंदी वगैरे होत्या, आणि तळाशी मराठीही होती. रघुपतीरावांनी तिच्यावर बोट ठेवलं. घरात तीच बोलतात, मग तिला पुस्तक कशाला उघडायचं? तक्त्यावर मराठीच्या नावाची एक पट्टी होती आणि तिच्यात एकही तास नव्हता. सगळ्या तक्त्यात त्यांना सर्वांत अभिमान त्या कोऱ्या पट्टीचा होता.

मी कल्लाप्पा. निपाणीकडचा. छप्पन साली राज्यं नव्याने आखली गेली आणि आम्ही घर न हलवता म्हैसूर राज्यात आलो. माझी सगळी शाळा मराठीत झालेली. कानडी बोलता येई, पण आमच्याकडची, बाजारातली. वाचायला म्हणाल तर बसवरच्या पाट्यांपलीकडे मजल नव्हती. तरी कॉलेजचा अर्ज भरताना मी दुसरी भाषा म्हणून कानडी घेतली. चुलत्यांनी सांगितलं होतं, आता भाकरी कानडीत आहे, मराठीत मार्क मिळवून काय चाटायचेत? चुलते गुळाचे व्यापारी होते, त्यांना भाव कळत असे.

प्रॅक्टिकलला जोड्या लावताना क्लार्कने मला रघुपतीरावांच्या मुलाबरोबर, त्रिविक्रमबरोबर टाकलं. दोघेही मराठी, म्हणून. त्याचा हेतू चांगला होता. पहिल्या दिवशी मी त्रिविक्रमला विचारलं, "कुठं ऱ्हातोस? काय करायलास सुटीत?" त्याने अदबीने उत्तर दिलं आणि मला त्यातलं अर्धं कळलं. तो मराठीच बोलत होता, पण त्याच्या मराठीचं वळण असं, की वाक्य कानडी चालीने चालत येई आणि मधूनच एखादा जुनाट शब्द डोकं वर काढी. त्याचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेमागोमाग इकडे आले, ते इथेच राहिले. तीनशे वर्षं त्यांनी मराठी जपून ठेवली, घरात, दाराआड. बाहेर सगळं कानडी. त्रिविक्रमची शाळा कानडी होती, कानडी निबंधांना त्याला बक्षिसं मिळाली होती, मनातल्या मनात आकडे मोजायचे तर तेही तो कानडीत मोजी. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. त्याने कानडी घेतली असती तर पुस्तक न उघडता पहिला आला असता. मी मराठी घेतली असती तर तसाच. दोघांनी एकमेकांचा विषय घेऊन ठेवला होता, आणि दोघांनाही थोरल्यांनी विचार करूनच सांगितलं होतं.

त्रिविक्रमला भौतिकशास्त्र येत होतं. 'येत होतं' हा शब्द मी जपून वापरतो, कारण बाकी आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं. तो लोलकाला हात लावायच्या आधी त्याचा काळ अंदाजाने सांगे आणि चुकला तर खूश होई. त्याला पुढे एम.एस्सी. करायचं होतं, आणि त्यापलीकडे त्याला काहीच नको होतं. कपडे, सिनेमा, मुली, कशातच लक्ष नाही. एम.एस्सी.च्या जागा थोड्या आणि त्या नंबराप्रमाणे भरत. त्याला नंबर मिळणार हे आमच्या वर्गात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मत्सर करण्यातही कुणाला अर्थ वाटत नव्हता.

पहिल्या सत्रात तक्ता ठरल्याप्रमाणे चालला. मेकॅनिक्सच्या तासाला फळ्यावर समीकरण आलं की बाकीचे उतरवून घेत, आणि त्रिविक्रम मान डोलवी, कारण ते त्याने मे महिन्यातच सोडवलेलं असे. रघुपतीरावही खुशीत होते. गणपतीत मराठी मंडळींची सभा झाली, तिथे ते उभे राहिले आणि म्हणाले, की आपण इथे येऊन तीनशे वर्षं झाली, पण आपल्यातला पहिला मुलगा आता कॉलेजात मराठी विषय घेऊन शिकतो आहे, आणि तो माझा मुलगा आहे. टाळ्या झाल्या. मंडळाने त्यांना नारळ आणि उपरणं दिलं. मी तिथे नव्हतो. हे मला त्रिविक्रमने सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. तेव्हा सत्राची परीक्षा व्हायची होती.

कॉलेजात मराठीला शिक्षक नव्हता. मराठी घेणारा मुलगाही एकच. त्याचा पेपर कॅन्टोन्मेंटमधले एक निवृत्त हेडमास्तर काढत आणि तेच तपासत. त्यांनी त्रिविक्रमला शंभरात चौदा दिले. त्यातले सहा, मला वाटतं, अक्षर चांगलं म्हणून.

भौतिकशास्त्राचे आमचे प्रोफेसर चन्नकेशवय्या. त्यांनी त्रिविक्रमला खोलीत बोलावलं. माझी वही तपासून घ्यायची होती म्हणून मीही तिथेच उभा होतो. ते कानडीत म्हणाले, "हे बघ. तू माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला मुलगा आहेस. पण नंबर विद्यापीठ देतं, मी देत नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी भाषेची परीक्षा, त्यात नापास झालास की नंतर पास होशील, पदवी मिळेल, पण नंबर नाही. नंबर नाही म्हणजे एम.एस्सी. नाही. मी मग काही करू शकणार नाही. भाषा बदल. कानडी घे. दसऱ्याच्या सुटीआधी अर्ज, वडिलांची सही, एवढंच पाहिजे."

"सरी, सर," त्रिविक्रम म्हणाला, म्हणजे बरं.

खोलीतून तो सरळ प्रयोगशाळेत गेला आणि स्पेक्ट्रोमीटर पातळीत आणत बसला. ते आधीच पातळीत होतं.

"सही घे आणि मोकळा हो की," मी म्हणालो. "हाय काय त्यात?"

"अण्णांना कसं सांगू?" तो म्हणाला. वडिलांना तो अण्णा म्हणे. "त्यांना नारळ दिला की सभेत."

मला हसू आलं. पण त्याला मुळीच हसू येत नव्हतं. मार्कांचा कागद घरी दाखवायचा असे. तो अजून ऑफिसातून यायचा आहे, असं त्याने घरी सांगून ठेवलं. मग तो मला म्हणाला, की तू मला मराठी शिकव. दोन वर्षं आहेत. बदलायची गरज पडणार नाही.

मी शिकवायला बसलो. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात, प्रॅक्टिकल संपल्यावर. दोन पुस्तकं नेमलेली होती, एक निबंधांचं आणि एक जुन्या कवितांचं. कविता त्याला माझ्यापेक्षा बऱ्या कळत, कारण त्यांतले काही शब्द त्याच्या घरात अजून चालू होते. निबंध मात्र त्याला अजिबात झेपेना. मी त्याला 'आमचे घर' या विषयावर लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, की आमचं घर स्वल्प लहान आहे पण चंद आहे, आई बेगा उठून कॉफी लावते, आणि पाव्हणे आले तर आम्ही सगळे सुम्मे बसून राहतो. स्वल्प म्हणजे जरा, चंद म्हणजे छान, बेगा म्हणजे लवकर, सुम्मे म्हणजे गप्प; सगळी कानडी.

"अरे, काय लिहायलास हे?"

"आम्ही असंच म्हणतो की."

"तुम्ही म्हंता ओ. पेपर तपासणारा म्हणत न्हाई."

मला शिकवता येत नाही आणि माझा पारा लवकर चढतो. पण हे सांगितलं पाहिजे, की ते घर मला त्याच्या वाक्यांत जसं दिसलं तसं नेमलेल्या पुस्तकातलं एकही घर दिसलं नाही. शब्द सगळे जिवंत होते, आणि पास होण्याजोगा त्यांत एकही नव्हता. मी लाल रेघा मारत गेलो. तो प्रत्येक रेघ बघून मान खाली घाली आणि पुन्हा लिही. हट्टी होता. असा हट्ट भौतिकशास्त्रात कामाला येतो; इथे नुसतीच वहीची पानं भरत होती.

तक्त्यात मराठीला तास नव्हता, तेव्हा तो तास चोरावा लागला, आणि चोरी निळ्या रेघेतून झाली. रघुपतीराव दर रविवारी तक्त्यावर कुठवर आलो त्याची खूण करत. निळी रेघ मागे पडायला लागली, हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. "गाडी कुठं अडली?" त्यांनी विचारलं. त्रिविक्रमला खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्याने घाईत सुचलं ते सांगितलं: माझा जोडीदार निपाणीचा आहे, त्याला कानडी वाचता येत नाही, त्याला मी रोज कानडी शिकवतो.

"घेऊन ये त्याला," रघुपतीराव म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी मी गेलो. वाटेत बाजारातून सहा केळी घेतली होती. रघुपतीराव खुर्चीत बसले होते. अंगात घरातला बनियन, पण बसणं कचेरीतलं. त्यांनी मला समोर बसवलं आणि मराठीत चौकशी सुरू केली. गाव कुठलं, घरी कोण, शेती की व्यापार, असलं काहीतरी असावं. मी माझ्या परीने उत्तरं दिली. "वडील शेती बघत्यात, चुलतं गुळाच्या धंद्यात हायत, मी हितं हॉस्टेलात ऱ्हायलोय." ते पुढे झुकले. "काय म्हणतो हा?" त्यांनी मुलाला विचारलं. मग ते पुन्हा काहीतरी म्हणाले, आणि या वेळी मी त्रिविक्रमकडे पाहिलं. दोन-तीनदा असं झाल्यावर रघुपतीराव वैतागून कानडीत म्हणाले, "हे बघ, सरळ बोल." मीही कानडीत उत्तर दिलं, आणि आमचं संभाषण व्यवस्थित सुरू झालं.

तेवढ्यात त्रिविक्रमची आई कॉफी घेऊन आली. अनुसूयाबाई. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. हसायला कारण लागत नसे. तिने पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हाच की तो? आमच्या त्रिवीला मराठी शिकवणारा?"

तिला लपवाछपवी माहीतच नव्हती. पोरगा रोज पहाटे स्वयंपाकघरात तिच्याशेजारी बसून निबंध पुटपुटत वाचत होता आणि 'कल्लाप्पा असं म्हणतो, कल्लाप्पा तसं म्हणतो' करत होता. तिला वाटलं, हे तर सगळ्या घराला ठाऊक असणार.

"मराठी?" रघुपतीराव म्हणाले. "शिकवतो?"

ते मोठ्याने हसले. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "पुस्तक आण."

त्रिविक्रमने निबंधांचं पुस्तक आणलं. रघुपतीरावांनी चष्मा लावला. त्यांचा आवाज भारदस्त होता, सभेत बोलायची सवय होती, आणि पहिलं वाक्य त्यांनी असं वाचलं की मलाही ते पुस्तक बरं वाटायला लागलं. दुसरं वाक्य लांब होतं. तिसऱ्याच्या मध्यात ते थांबले, मागे गेले आणि पुन्हा वाचलं. अनुसूयाबाई दाराशी पदर सावरून ऐकत उभ्या होत्या, कीर्तनाला उभं राहावं तशा. रघुपतीरावांनी बोट एका ओळीवर ठेवलं आणि मला कानडीत विचारलं, "याचा अर्थ काय?" मी कानडीत सांगितला. त्यांनी बोट खाली सरकवलं. "आणि याचा?" तोही सांगितला. असं पान संपेपर्यंत चाललं. त्यांनी कुठेही आवाज चढवला नाही.

"हे कुठल्या लोकांचं मराठी?" त्यांनी शेवटी विचारलं, मराठीत.

"पुस्तकातलं," मी म्हणालो.

"आणि आमचं?"

इथे काही गोड बोलता आलं असतं. पण मला तसं बोलता येत नाही, आणि त्रिविक्रमचा अर्ज भरायला आता जेमतेम आठवडा उरला होता. "तुमचं बी मराठीच हाय," मी म्हणालो, "पर त्याला मार्क न्हाईत."

ते वाक्य त्यांना पहिल्या झटक्यात कळलं. माझं त्या दिवशी त्यांना न अडखळता कळलेलं तेवढंच एक वाक्य.

मग त्रिविक्रमने सगळं सांगून टाकलं: चौदा मार्क, प्रोफेसर काय म्हणाले, नंबर, एम.एस्सी., दसऱ्याची मुदत. रघुपतीरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते शरमले होते, आणि शरमेची त्यांना सवय नव्हती. तीनशे वर्षं ज्याच्यावर माणूस मान ताठ ठेवून बसला, ते शंभरात चौदा निघालं, आणि तेही आपल्याच पोराच्या नावावर. मला त्यांची दया आली. बराच वेळ ते नुसते पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले.

"माझ्या आजानं हीच बोलली," ते म्हणाले. "त्याच्या आजानं पण." मग त्यांनी पुस्तक मिटून मला परत दिलं, जणू ते माझंच होतं.

सोमवारी ते अर्धा दिवस रजा घेऊन कॉलेजात आले आणि अर्जावर सही करून गेले. क्लार्कने कारण विचारलं, तर म्हणाले, "वेळापत्रकाची अडचण." माणूस जातिवंत रेल्वेचा होता. त्रिविक्रम मोकळा झाला. त्या आठवड्यात तो निळी रेघ भरून काढायला अशा जोमाने लागला, की मला प्रॅक्टिकलची आकडेमोड एकट्याने करावी लागली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. रघुपतीरावांनी तक्त्यावर मराठीच्या पट्टीवर कागद चिकटवला, वर कानडी लिहिलं, आणि पुन्हा विचार केला. मराठीला तास दिला नाही म्हणून फसलो. आता कानडीला दिला पाहिजे. पण तास शिल्लकच नाहीत. तेव्हा घरालाच कामाला लावायचं. रात्री जेवताना त्यांनी फर्मान काढलं: उद्यापासून घरात सगळ्यांनी कानडी बोलायचं. परीक्षेपर्यंत.

त्रिविक्रमला त्याची काडीइतकी गरज नव्हती. त्याची कानडी त्याला शिकवणाऱ्यांपेक्षा बरी होती, आणि हे बापालाही कळत होतं. मला आपलं वाटतं, की रघुपतीरावांना स्वतःचंच मराठी आता कानाला बोचायला लागलं होतं. तोंड उघडलं की चौदा मार्क ऐकू येत असतील. पण असं कोण कबूल करतो? त्यापेक्षा वेळापत्रक करणं सोपं.

"आणि मी?" अनुसूयाबाईंनी विचारलं. हे मला त्रिविक्रमने दुसऱ्या दिवशी हसत सांगितलं.

"तूसुद्धा."

"बाजारात बोलायची भाषा चुलीजवळ बोलू?"

"परीक्षेपर्यंत की ग."

"आणि देवाशी?"

"देवाशी तुझ्या मनाला येईल ते बोल," रघुपतीराव म्हणाले, आणि सगळे हसले.

तिने दोन दिवस प्रयत्न केला. तिला कानडी येत नव्हती असं नाही. भाजीवालीशी, शेजारणींशी ती तासन् तास बोले. पण नवऱ्याला आणि पोरांना त्या भाषेत जेवायला वाढताना तिला परक्या घरात वाढल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी तिने तो नाद सोडला. ती मराठीत बोले, बाकीचे कानडीत उत्तर देत. धाकटी पद्मावती तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिला हा खेळ वाटे आणि आईने मराठी शब्द काढला की ती टाळ्या पिटे.

दोन वर्षं गेली. भाषेची परीक्षा झाली. त्रिविक्रम कानडीत सगळ्या कॉलेजात पहिला आला, मी काठावर पास झालो आणि देवाला नारळ फोडला. तिसऱ्या वर्षी प्रकाश, अणू, किरणोत्सर्ग, सगळं तक्त्याप्रमाणे पार पडलं. मी अधूनमधून त्यांच्या घरी जात असे. परीक्षेपर्यंतची मुदत संपून वर्ष झालं होतं, आणि घरात कानडीच चालू होती. कुणी ठरवून चालू ठेवली होती असं मुळीच नाही. बंद करा म्हणायचं राहून गेलं, एवढंच. सवय लागली की तिला कारण लागत नाही. त्रिविक्रम आता आईला 'अम्मा' म्हणत होता आणि त्याच्या ते लक्षातही नव्हतं.

शेवटचा निकाल लागला. त्रिविक्रमचा विद्यापीठात दुसरा नंबर आला, एम.एस्सी.ची जागा पक्की झाली. मी पेढे घेऊन चामराजपेटेत गेलो. घरात माणसंच माणसं होती. रघुपतीराव एकेकाला भिंतीजवळ नेऊन कशाच्या आधी काय शिकलं पाहिजे हे समजावत होते, उत्तम कानडीत. त्यांनी मला मिठीच मारली. त्रिविक्रम आनंदाने माझा हात दाबत राहिला. मलाही फार आनंद झाला होता. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं होतं, आणि ते त्याने मेहनत करून मिळवलं होतं. असं नेहमी होत नाही.

अनुसूयाबाई स्वयंपाकघरात होत्या. मी पाया पडायला आत गेलो. त्या म्हणाल्या, "त्रिवी, कल्लाप्पाला पाट दे की रे." बाहेरून त्रिविक्रम कानडीत म्हणाला, "पद्मा, अम्मा काहीतरी म्हणते आहे, बघ." पद्मावती दारापर्यंत आली, आईकडे बघून कानडीत "काय पाहिजे?" म्हणाली, आणि उत्तर ऐकायच्या आधीच पळाली.

पाट अनुसूयाबाईंनी स्वतःच मांडला. माझ्यापुढे पान ठेवलं, गोडाचं वाढलं. मी भराभर खायला लागलो, कारण मला संध्याकाळची गावाकडची गाडी गाठायची होती. त्या समोर बसल्या. नेहमीसारख्या हसत नव्हत्या.

"पोराचं चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "लई चांगलं झालं. देवाला मी तेच मागत होते." मग म्हणाल्या, "तू आता गावाला जातोस. परत कधी येशील की नाही."

"येतो की. येणार न्हाई होय?"

"मग आता स्वल्प बस. घाई करू नको. बोल काहीतरी."

"काय बोलू, अक्का?"

"काही पण. तुझ्या गावचं सांग. गुळाचं सांग." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या पानात आणखी वाढलं. "तुझं मला अर्धं कळत नाही. पण बोल."

मी गाडी सोडली आणि बोलत बसलो.